बबनरावांचं दारूचं शिंग

चिंचखेड्यात आडवी बाटली जिंकली आणि ती बबनराव भोयरांच्या शिंगामुळे जिंकली. हे वाक्य इथं छापलं गेलं ही चूक आहे. वाचकांनी ते वाचलंच नाही असं समजावं. अजून कोणीही काहीही जिंकलेलं नाही. मतदान रविवारी आहे, आज मंगळवार आहे आणि बबनराव गोठ्यामागं तीन दगडांच्या चुलीवर म्हशीचं शिंग उकळत बसले आहेत.

तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोक्याला प्लास्टिकची टोपी. हा सगळा संच सरकारनं कापसावर फवारणी करताना घालायला वाटला होता. आदल्या साली फवारताना विषबाधेनं माणसं गेली. बबनरावही यवतमाळच्या दवाखान्यात डोळ्यांपुढं अंधारी घेऊन पडून होते. तिथून ते परत आले, पण त्यांचा निर्धास्तपणा तिथंच खाटेवर राहिला. तेव्हापासून ते मिरच्या कुटतानाही गॉगल लावत. दाढी करायला गेले की वस्तरा धरण्याआधी न्हाव्याला मोजे घालायला लावत. एकदा गॉगल काढायचा विसरून बायकोला म्हणाले, "आज लवकर सांज झाली." ती भर दुपारी वाळवण घालत होती.

आता शिंग कशाला, तर बंदुकीसाठी. बबनरावांच्या आजोबांची एक भरमार बंदूक होती, पीक राखणीच्या परवान्यासह. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, बार काढायचा, रानडुकरं दोन दिवस शेजाऱ्याच्या तुरीत जायची. बंदुकीची ही दारू कोरडी राहावी म्हणून शिंगात भरून ठेवतात. जुनं शिंग उंदरांनी खाल्लं होतं. नवं शिंग बोरी अरबच्या साडभावाकडून आलं. त्याची म्हैस म्हातारी होऊन मेली होती. ती आपल्याच मरणानं मेली असा सरपंचाचा दाखला बबनरावांनी आधी मागून घेतला आणि मगच शिंगाला हात लावला.

बंदूक मात्र घरात नव्हती. ती मागच्या निवडणुकीत ठाण्यात जमा झाली होती आणि ठाण्याला ती आवडली होती.

"बंदूक नाई, दारू नाई, मंग शिंग कायले करून राह्यले?" बायकोनं, विमलताईंनी, विचारलं होतं.

"बंदूक आली आन शिंग नसलं त दारू डब्यात ठेवा लागन. डबा लोखंडाचा. लोखंडाले लोखंड घासलं का ठिणगी."

"पन बंदूक नाईच ना घरात."

"म्हनूनच आता बनवतो. घरात बंदूक असताना असं काम करू नये."

विमलताईंच्या डोक्यात रविवार होता. गावच्या महिला समितीच्या त्या अध्यक्ष. मनोहरशेठचं देशी दारूचं दुकान गावातून उठावं म्हणून त्यांनी उंबरे झिजवले, सह्या गोळा केल्या, तालुक्याच्या कचेरीत पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्ल्या, तेव्हा कुठं बायकांचं मतदान लागलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेख एकच होती. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारायला हवा, म्हणजे जी बाई घरीच राहिली ती उभीच्या बाजूनं गेली. आणि "शाळेकडं गेली त घरात घेत नाई" म्हणणारे नवरे गावात गल्लोगल्ली होते. हे मतदान पडलं की पुन्हा मागायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. विमलताईंच्या गुडघ्यांत तेवढ्या पायऱ्या उरल्या नव्हत्या.

बबनरावांना याची जाणीव होती. बायकोच्या कामात आपला अडथळा नको म्हणून तर त्यांनी घरामागची चूल उचलून गावाबाहेर गोठ्यामागं नेली. उकळत्या शिंगाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळत नाही, आणि ज्यानं घेतला त्याच्याजवळ विषय काढू नये. तेव्हा गावाबाहेरची जागा, झाडाआडची चूल, धूर, घाण वास आणि तोंड बांधलेला माणूस. एवढ्या गोष्टी एका ठिकाणी दिसल्या की आत काय शिजतंय हे चिंचखेड्यात कोणी कोणाला विचारत नाही.

पुंडलिकनं विचारलं. तो मनोहरशेठच्या दुकानाचा सगळ्यात जुना खांब होता.

"बबनभाऊ, काय चढवलं?"

"शिंग."

"कायचं शिंग?"

"दारूचं."

पुंडलिक उकिडवा बसला. "मले वाटे तुमी सुपारीबी खात नाई."

"नाईच खात. थे बिडी इझव आधी. दारूच्या कामाजवळ बिडी म्हंजे मरन."

"एवढी कडक?"

"ठिणगी पडली का गोठा आभायात जाते."

पुंडलिकनं बिडी विझवली. विझलेली बिडीसुद्धा त्यानं आदरानं खिशात ठेवली.

तो गेला आणि बबनरावांना वाटलं, हा आला तसा उद्या कोणीही बिडी ओढत येईल. आज दारू नाही हे खरं. पण सवय आजपासून लागली पाहिजे. म्हणून त्यांनी जुन्या पत्र्यावर लाल रंगानं, त्यांच्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात एक पाटी रंगवली आणि गोठ्याच्या तोंडाशी बाभळीला ठोकली.

"सावधान. येथे दारूचे काम चालू आहे. बिडी पेटवू नये. लहान मुलांस मनाई."

खाली जबाबदार माणूस म्हणून स्वतःचं संपूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. हातभट्टीचा धंदा जिल्ह्यात पुष्कळांनी केला असेल, पण नाव, गाव, नंबर देऊन पाटी लावणारा माणूस लोक पहिल्यांदाच पाहत होते. येणारे जाणारे थांबून वाचत. हिंमत पाहून काहींनी नमस्कार केला.

बुधवारी दुपारपासून फोन सुरू झाले.

"बबनभाऊ भोयर का? दिग्रसहून बोलून राह्यलो. घरपोच भेटन का?"

"शिंग?"

"हो, हो, शिंगच म्हना." फोनवरचा माणूस हसला. "समजलं आपल्याले."

"एकच हाय आन थे बी माह्यासाठी."

"मोठे लोक हाव तुमी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी विमलताई पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"हे तुमी लिवलं?"

"अक्षर कसं वाटते?"

"अक्षर चांगलं हाय. रविवारी दारूबंदीचं मतदान हाय, आन अध्यक्षबाईच्या गोठ्यावर दारूची पाटी हाय. लोक मले विचारून राह्यले, विमल, घरच्यालेच उभं कराचं म्हनून शेठचं आडवं करून राह्यली का?"

"पन हे थे दारू नाई ना. हे बारुद हाय."

"मले ठाव हाय. पाटीले ठाव हाय का? काढा थे."

पाटी काढणं बबनरावांना पटेना. एकदा लावलेली धोक्याची पाटी काढली की लोकांना वाटतं धोका संपला. पण बायकोचं म्हणणंही खरं होतं. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला, आणि या गोष्टीत जे काही बिघडलं ते या मधल्या मार्गानं बिघडलं. त्यांनी पुन्हा रंगाचा डबा उघडला आणि खाली एक ओळ वाढवली.

"ही दुकानातली दारू नाही. ही त्यापेक्षा फार जालीम आहे."

गुरुवारी सकाळी गोठ्याकडं जायच्या पायवाटेवरचं गवत दबलेलं होतं.

शिंग तोवर तयार होत आलं होतं. आतला गाभा निघाला होता, काचेच्या तुकड्यानं खरवडून वरचं काळं कातडं चकचकीत झालं होतं, टोकाला भोक पाडून बूच बसवलं होतं, बुडाशी सागाची चकती लाखेनं चिकटवली होती. खरवडताना जो भुगा उडतो तो छातीत जातो, म्हणून बबनरावांनी एकावर एक दोन मास्क घातले होते, आणि त्यातून त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. आता शिंग गळतं का ते पाहायचं होतं. त्यांनी त्यात पाणी भरलं, हलवलं, बूच काढून स्टीलच्या पेल्यात ओतलं, मास्क जरा बाजूला करून वास घेतला आणि मान हलवली.

"अजून दम नाई निघाला," ते म्हणाले.

"द्या ना घोटभर," मागून पुंडलिक म्हणाला.

"पिऊ नोको बाप्पा. वास हाय त्याले."

"वासाचं मले नोका सांगू." आणि बबनरावांनी मोजे घातलेला हात पुढं करेपर्यंत पेला रिकामा झाला होता.

पुंडलिकचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, मग त्यांतून पाणी आलं. त्याचे कान हलले. तो उठला, झुलला आणि बाभळीला हात टेकून म्हणाला, "पयल्या धारेची."

"अरे पानी हाय थे. शिंगातलं पानी."

"हो." पुंडलिकनं एक डोळा मिटला. "पानीच हाय. मी कोनालेच सांगत नाई."

तो गावात गेला, तीन वेळा तोल सांभाळला आणि चौथ्यांदा नेहमीच्या नालीत नेहमीच्या जागी पडला. तिथून त्यानं जमलेल्या लोकांना सांगितलं की आपण कोणालाच सांगणार नाही.

शुक्रवारी गोठ्यासमोर रिकाम्या बाटल्या घेऊन माणसं बसली होती. बबनराव एकेकाला हात जोडून समजावत होते, "इथं प्याची दारू नाई, भराची दारू हाय," आणि प्रत्येक जण हातातली बाटली पुढं करत म्हणत होता, "भराच ना मंग." त्याच दिवशी मनोहरशेठ आपल्या दुकानात एकटाच बसला होता. संध्याकाळपर्यंत माशी मारायलासुद्धा गिऱ्हाईक आलं नाही. त्यानं पाटीचा फोटो मागवला, दोनदा वाचला, आणि अवैध दारूविषयी त्याच्या मनात अचानक फार चीड निर्माण झाली. त्यानं दारू पकडणाऱ्या खात्याच्या साहेबांना फोन लावला.

इकडं समितीची बैठक बसली होती. अंगणवाडीच्या शीलाताई बोलायचं टाळत होत्या, पण शेवटी त्यांनाच बोलावं लागलं.

"विमलताई, आपला नेम हाय. ज्याच्या घरची बोंब झाली त्याच्या घरी मोर्चा नेतो आपन. द्वारकाच्या घरी नेला, माह्या दिराच्या घरी नेला."

"थे शिंग हाय, शीला. म्हशीचं."

"मले मालूम हाय जी. पन बायांले कसं सांगू? आधीच निम्म्या जनी घरून निघाच्या नाई. तुमचं घर सोडलं त उरलेल्या बी नाई याच्या."

विमलताई उठल्या आणि त्यांनी कोपऱ्यातली घोषणांची फळी उचलली. "सकाळीच जाऊ," त्या म्हणाल्या. "मी पुढं राहीन."

शनिवारी सकाळी गावाकडून बायांचा मोर्चा आला आणि रस्त्याकडून साहेबांची जीप आली. दोन्ही एकदमच पाटीसमोर थांबली. जीपमधून साहेब, दोन शिपाई आणि मनोहरशेठ उतरले. मोर्च्यापुढं विमलताई होत्या आणि मागं पुंडलिकच्या बायकोच्या, द्वारकाच्या हातात लाटणं होतं, कारण ती कुठंही लाटण्याशिवाय जात नसे. बाटल्या घेऊन बसलेली माणसं उठून उभी राहिली. गर्दी पाहून बबनरावांनी आधी चुलीतला विस्तव विझवला, मग मास्क नीट केला आणि मग बायकोकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं पाहत नव्हती.

"बबनराव भोयर मुर्दाबाद," विमलताई म्हणाल्या. आवाज जरा कापला, पण शब्द स्पष्ट होते.

"मुर्दाबाद," बाया म्हणाल्या.

बबनराव गॉगलच्या आत दोनदा डोळे मिटून थांबले.

"दारू कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"अजून भरली नाई साहेब."

"म्हणजे भरणार होतात?"

"हो. परवाना हाय."

"दारूचा परवाना? तुमच्याकडं?"

बबनरावांनी प्लास्टिकच्या पिशवीतून, त्यातल्या दुसऱ्या पिशवीतून, त्यातल्या तिसऱ्या पिशवीतून परवाना काढला. साहेबांनी वाचला. "हा तर बंदुकीचा आहे."

"मंग दारू कायची राहीन?"

साहेबांनी परवाना वाचला, पाटी वाचली, पुन्हा परवाना वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक जुनी शंका उगवली, की हे आपलं खातंच नाही. पण मनोहरशेठ त्यांना सोडेना.

"साहेब, हे सारं नाटक हाय. परवा या पुंडलिकनं इथं पेलाभर घेतली आन नालीत पडला. गाव साक्षीला हाय."

"घेतली," पुंडलिक अभिमानानं म्हणाला. "पयल्या धारेची."

"नमुना घ्या," साहेब म्हणाले.

शिंगात गळती पाहायला भरलेलं पाणी होतंच. शिपायानं ते काचेच्या उभ्या भांड्यात ओतलं आणि साहेबांनी पेटीतून बुडाशी वजन असलेली एक बारीक काचेची नळी काढली. "ही दारूत टाकली की खोल बुडते, पाण्यात टाकली की वर तरंगते," त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि नळी सोडली. नळी बदकासारखी वर तरंगली.

"पाणी," साहेब म्हणाले.

बायांमध्ये कुजबुज झाली. शीलाताईंनी हुश्श केलं. विमलताईंनी पहिल्यांदा नवऱ्याकडं पाहिलं. सगळं मिटलं होतं, माणसं घरी जायला वळली होती, आणि नेमक्या त्या वेळी दोन मास्कांच्या आतून आवाज आला.

"साहेब, नळी बिघडली असन त?"

"काय?"

"एकदा पाहून भरवसा ठेवू नये. दुसऱ्या कायमंधी टाकून पाहा लागते. सुरक्षेचा प्रश्न हाय."

"तुमी चूप बसा," विमलताई दातांमधून म्हणाल्या. "सुटले ना आता."

"सुटलो. पन नळी खोटी असली त सुटनं बी खोटंच ना."

साहेबांच्या नळीवर आजवर असा संशय कोणी घेतला नव्हता. त्यांना राग आला. "आणा कोणाकडं दुकानातली असेल तर," ते म्हणाले. पुंडलिकच्या खिशात मनोहरशेठच्या दुकानातून सुटी घेतलेली अर्धी बाटली होती. ती त्यानं काळजावर दगड ठेवून दिली. शिपायानं ओतली. साहेबांनी नळी सोडली.

नळी पुन्हा बदकासारखी वर तरंगली.

"पाहा, मी म्हनलं होतं," बबनराव म्हणाले. "बिघडली."

"बिघडलीच हाय," मनोहरशेठ इतक्या घाईनं म्हणाला की सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "साहेब, चला आता. ऊन चढते."

विमलताई पुढं आल्या. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्यांना हळूच बाजूला सारलं. "साहेब, जीपमधी शीलबंद बाटली असन ना तुमच्यापाशी? पकडलेली? तिच्यात टाका. मंग कळन नळी खोटी का शेठ खोटा."

जीपमध्ये बाटली होती. सगळ्यांसमोर सील तोडलं, ओतलं आणि नळी सोडली. नळी सरळ खाली गेली, मानेपर्यंत बुडाली आणि तशीच राहिली.



"म्हंजे शेठच्या बाटलीत..." कोणीतरी सुरुवात केली.

"पानी," बबनराव म्हणाले. "शिंगातलं आन त्याचं, एकसारखं."

पुंडलिक खाली बसला. दहा वर्षांची त्याची कमाई आणि कीर्ती त्या काचेच्या भांड्यात तरंगत होती. "मंग मी नालीत कायच्या जोरावर पडत होतो?" त्यानं विचारलं.

"सवयीनं," द्वारका म्हणाली.

बायांना हसू फुटलं. पण बाटल्या घेऊन आलेले पुरुष हसत नव्हते. दारू वाईट आहे हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं आणि शांतपणे सोसलं होतं. पाणी पाजलं हे त्यांना सोसवेना. ते मनोहरशेठकडं वळले, तेव्हा शेठ जीपमध्ये जाऊन बसला होता आणि आपल्याला अटक करा म्हणून साहेबांना विनवत होता.

रविवारी चिंचखेड्यात जे झालं ते तालुक्यात कुठं झालं नव्हतं. सकाळी शाळा उघडायच्या आधी नवरे आपापल्या बायकांना घेऊन फाटकाशी उभे होते. कोणी मोटरसायकलवर आणली, कोणी बैलगाडीत. एकानं म्हाताऱ्या आईला पाठीवर आणलं. "शाळेकडं गेली त घरात घेत नाई" म्हणणारा एक जण बायकोला ओरडत होता, "शिक्का मारल्याबिगर घरी येऊ नोको." पुंडलिक दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला हातानं बाटली आडवी करून दाखवत होता, शेवटी मतदान अधिकाऱ्यानं त्याला बाहेर काढलं. दुपारी मोजणी झाली. उभीची गड्डी टेबलावरून वाऱ्यानं उडाली आणि कोणी उचलली नाही, इतकी ती लहान होती.

बायांनी विमलताईंना ट्रॅक्टरवर बसवून गावातून फिरवलं, आणि विमलताईंनी बबनरावांनाही वर ओढून घेतलं. बबनरावांनी आधी ट्रॉलीची साखळी तपासली, चालकाला ब्रेक मारून दाखवायला लावला आणि मगच पाय वर ठेवला. कोणीतरी त्यांच्या गळ्यात शिंग अडकवलं. "बबनराव भोयर," विमलताईंनी पुन्हा आरोळी दिली, आणि या वेळी पुढचा शब्द वेगळा होता. गुलाल उधळताच बबनरावांनी गॉगल लावला. आत डोळे पुसायला जागा नव्हती, तरी त्यांनी तो काढला नाही.

सोमवारी सकाळी पुंडलिक त्यांच्या ओसरीवर आला. अंघोळ केलेला, भांग पाडलेला. गावात सगळ्यात चांगलं अक्षर बबनरावांचं, म्हणून एक अर्ज लिहून हवा होता. रात्रभर द्वारकानं त्याला एकच गोष्ट ऐकवली होती: पाणीच पीत होतास तर शुद्धीत होतास, आणि शुद्धीत होतास तर मागच्या दहा वर्षांत तू मला, माझ्या माहेराला आणि माझ्या भाजीला जे जे बोललास त्याचा एकेक करून जबाब दे.

"लिवा मंग," पुंडलिक म्हणाला. "पन जपून लिवा."

बबनरावांनी टोपणाचं टोक डोळ्यात जाऊ नये म्हणून पेन लांब धरून उघडलं आणि लिहिलं:

"मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार गेली दहा वर्षे दारू म्हणून केवळ पाणी प्याला, ही बाब शासनाच्याच नळीने सिद्ध झाली आहे. सबब अर्जदारास मागील दहा वर्षांपासून पूर्वलक्षी प्रभावाने निर्व्यसनी घोषित करून तसा दाखला देण्यात यावा. मात्र सदर कालावधीत अर्जदार पत्नीस जे काही बोलला ते तो शुद्धीवर असताना बोलला, असे पत्नीने धरू नये, असाही आदेश सोबतच काढण्यात यावा, ही नम्र विनंती."